मोबाईलची वायर

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला विषय भारदस्त असावा अशी आपल्याकडे रीत आहे. या जागेवरून आपण संतवाङ्मय ऐकले, आहारशास्त्र ऐकले, वारसाहक्काचा कायदाही ऐकला. तेव्हा यंदा मी "मोबाईलच्या वायरीवर बोलेन" असे कळविले, त्या वेळी चिटणीसबाईंना ती थट्टा वाटली असल्यास नवल नाही. आताही मागच्या रांगेत थोडी कुजबूज ऐकू येते आहे. पण विषय मी विचार करूनच निवडला आहे. मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकविण्याचे काम संपल्यापासून मी दर शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत बसते, आणि मोबाईलची काही अडचण असेल त्या भगिनी तेथे येतात. कोणाची काय तक्रार, तपासल्यावर काय निघाले, हे मी वहीत टिपून ठेवते. ती वही चाळली की असे दिसते की, "मोबाईल बिघडला" म्हणून आलेल्या कित्येकींचा मोबाईल धडधाकट असतो. बिघडलेली असते ती वायर, किंवा तिचे टोक, किंवा भिंतीत खोचावयाचा तो ठोकळा, ज्याला आपण अडॅप्टर म्हणतो.

आपल्या घरांतून वायरींची एक अलिखित वाटणी असते. नवा मोबाईल येतो तो बहुधा मुलाला, आणि त्याच्याबरोबरची वायर अर्थातच त्याची. त्याची जुनी वायर जाते वडिलांकडे. असे फिरत फिरत, टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली, एका ठराविक कोनात वाकवून साखरेच्या डब्याखाली दाबून ठेवली तरच चालणारी जी वायर उरते, ती स्वयंपाकघरात येते. शिळी पोळी जिच्या पानात पडते, तिच्याच वाट्याला ही वायरही यावी, यात नवल ते काय!

पूर्वी हे खपून गेले असते. पण आज गॅसचा नंबर लावावयाचा तो मोबाईलवरून, बँकेचा ओटीपी येतो तो मोबाईलवर, बचतगटाचा हिशेब त्यात, दवाखान्याचे कागद त्यात. मोबाईल बंद पडला की घरातल्या बाईचे हात बांधल्यासारखे होतात, आणि मग "संध्याकाळी हे आले की बघतील" म्हणून ती दिवसभर थांबून राहते.

आपल्याच वस्तीतल्या एका काकूंची गोष्ट सांगते. काकू एकट्या राहतात, मुलगा परगावी नोकरीला आहे. रोज रात्री नऊला त्याचा फोन यावयाचा असा नेम. एके दिवशी मोबाईल चार्ज होईना. वायर नीट बसेना, जराशी आत जाऊन निसटे. दुसऱ्या दिवशी तो पुरता बंद पडला. तिकडे मुलगा घाबरा झाला आणि त्याने रात्री साडेदहाला शेजाऱ्यांना उठवून दार ठोठावयास लावले. सकाळी काकू एका दुकानात गेल्या. तेथे त्यांना सांगण्यात आले की, आतला भाग गेला, अठराशे रुपये पडतील, त्यापेक्षा नवाच घ्या. काकूंनी शनिवारपर्यंत धीर धरला. मी मोबाईलच्या खालच्या खाचेत विजेरीचा झोत टाकून पाहिले, तर तळाशी कापसाचा गच्च थर! पर्समध्ये, पिशवीत, झग्याच्या खिशात मोबाईल राहतो, तेथला सुताचा कण न् कण त्या खाचेत शिरतो, आणि रोज वायर खुपसताना आपण तो ठासून ठासून बसवितो. मोबाईल बंदच होता. दात कोरावयाच्या लाकडी काडीने हलक्या हाताने तो थर उकरून काढला. वायर "टक्" करून बसली. खर्च शून्य.

येथे एक तंबी देऊन ठेवते. हे काम सुईने किंवा टाचणीने करू नका. आतले स्पर्शबिंदू केसाएवढे बारीक असतात, आणि धातूची टाचणी दोन बिंदूंना एकाच वेळी टेकली तर जे धडधाकट होते तेही जाईल. मोबाईल पूर्ण बंद करावा, लाकडाची किंवा प्लास्टिकची काडी घ्यावी. आत पाणी घालू नये. फुंकरही मारू नये, तोंडातली वाफ आत जाते.

आता या टोकांचे गोत्र थोडेसे पाहू. आपल्यापैकी पुष्कळजणींना ते दिवस आठवत असतील, जेव्हा प्रत्येक कंपनीच्या मोबाईलची पिन वेगळी असे. नोकियाचीच दोन, एक जाड आणि एक बारीक. लग्नघरी कोणी "बारीक पिनचा चार्जर आहे का हो?" म्हणून विचारीत हिंडे. हा गोंधळ मिटविला यूएसबीने. ही तीन अक्षरे इंग्रजी आहेत. त्यांचा अर्थ एवढाच की, सर्व यंत्रांना जोडावयास एकच सामाईक मार्ग. तिचे पहिले मानक १९९६ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले, आणि इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम अशा एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या त्यासाठी एकत्र बसल्या होत्या. इंटेलमध्ये ज्यांनी या कामाचा पाठपुरावा केला ते अजय भट्ट मूळचे बडोद्याचे, तेथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. सयाजीरावांचे नाव आपल्या मराठी घरांतून आदराने घेतले जाते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. घरी संगणकाला छपाईयंत्र जोडताना कुटुंबाची जी तारांबळ उडे, ती पाहून आपल्या मनात हा विचार आला, असे भट्ट यांनी सांगितलेले आहे. आणि ते चपटे टोक पहिल्या खेपेस नेहमी उलटेच का लागते, याचेही उत्तर त्यांनी दिले आहे. दोन्ही बाजूंनी लागणारे टोक करावयाचे तर तारा आणि जोडण्या जवळजवळ दुप्पट लागल्या असत्या. खर्च वाढला असता आणि मग कंपन्यांनी ते स्वीकारलेच नसते. घर चालविणारीला हा हिशेब लगेच कळेल.

ते मोठे टोक संगणकासाठी होते. हातातल्या उपकरणांसाठी आधी "मिनी" आले, मग २००७ साली "मायक्रो", म्हणजे एका बाजूने अरुंद असलेली, जिला आपण आता "जुनी पिन" म्हणतो ती. या मायक्रोत एक शहाणपण होते. धरून ठेवणारे, झिजणारे बारीक भाग मुद्दाम वायरीच्या टोकात ठेवले, मोबाईलच्या खाचेत नव्हे. झिजावयाचे तर स्वस्त वायरीने झिजावे, महाग मोबाईलने नव्हे, असा विचार. हे टोक दहा हजार वेळा घालून काढून टिकावे असे मानक आहे. म्हणून वायर ढिली झाली की ती बदलावी. तिला कोनात वाकवून, वर डबा ठेवून चालविले की झीज वायर सोडून मोबाईलच्या खाचेत शिरते, आणि मग खरोखरच अठराशे रुपये मोजावे लागतात.

२०१४ साली टाइप-सी आले. लांबट, दोन्ही कडा गोल, कसेही लावा, लागतेच. त्या एवढ्याशा टोकात चोवीस स्पर्शबिंदू आहेत. ॲपलने मात्र २०१२ पासून आपले निराळे, लाइटनिंग नावाचे टोक ठेवले होते. युरोपीय संघाने २०२२ साली कायदा केला की मोबाईल, टॅब्लेट, कॅमेरे, हेडफोन असल्या वस्तूंना टाइप-सीच असले पाहिजे. तो २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला, आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. ॲपलने २०२३ च्या सप्टेंबरमध्येच आयफोनला टाइप-सी दिले. आपल्याकडेही २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने बोलाविलेल्या बैठकीत मोबाईलसाठी टाइप-सीवर सर्वांचे एकमत झाले, आणि त्यानंतर भारतीय मानक ब्युरोने तिचे मानक प्रसिद्ध केले. कचरा कमी व्हावा, प्रत्येक मोबाईलमागे नवा चार्जर घ्यावा लागू नये, हा त्यामागचा हेतू.

हेतू चांगला, पण टोक एक झाले म्हणून वायर एक झाली असे मात्र नव्हे, आणि खरी फसगत येथेच आहे. बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या दोन टाइप-सी वायरी आतून अगदी निराळ्या असू शकतात. जुन्या साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या, म्हणजे फोटो, पत्रे, गाणी यांची ने-आण करणाऱ्या. काही स्वस्त वायरींत या माहितीच्या तारा घालीतच नाहीत. मोबाईल चार्ज होतो, पण संगणकाला जोडला की काहीच दिसत नाही. बचतगटाच्या एका सभासद ताईंना अनुदानाच्या अर्जासाठी फोटो संगणकात घालावयाचे होते. दोन दिवस त्या संगणकाला दोष देत बसल्या. वायर बदलली, पाच मिनिटांत काम झाले. म्हणून घेताना विचारावे, "डेटा केबल आहे ना? की नुसती चार्जिंगची?"

आता विजेचे. गच्चीवरची टाकी आणि खाली येणारा नळ डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच तितका पाण्याला जोर, तो व्होल्ट. नळातून किती पाणी वाहते, तो अँपिअर. दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. साधा जुना चार्जर ५ व्होल्ट आणि १ अँपिअर, म्हणजे ५ वॅटचा. ५ व्होल्ट आणि २ अँपिअरचा असला तर १० वॅटचा. हे सारे अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेले असते. भिंग घेऊन वाचा, पण वाचा.

पुष्कळजणी मला विचारतात, "बाई, मुलाचा मोठा चार्जर माझ्या लहान मोबाईलला लावला तर तो जळेल का हो?" चार्जर चांगल्या बनावटीचा असेल तर नाही. टाकी मोठी आहे म्हणून तुमच्या तांब्यात जास्त पाणी शिरत नाही, तांब्याला हवे तेवढेच आपण घेतो. तसा मोबाईल आपल्याला लागेल तेवढाच प्रवाह ओढतो. नवे जलद चार्जर ५ व्होल्टवरून वर, २० व्होल्टपर्यंत आणि काही त्याहूनही वर जातात हे खरे, पण आपण होऊन नव्हे. आधी ५ व्होल्टवर दोघांचे बोलणे होते. मोबाईल म्हणतो "मला इतके चालेल", मग चार्जर तेवढेच देतो. मोबाईलला ती भाषा येत नसेल तर चार्जर मुकाट्याने ५ वर राहतो. उलट बाजूने, लहान चार्जर मोठ्या मोबाईलला लावला तर बिघडत काही नाही, फक्त वेळ लागतो.

या बोलण्यात वायरही साक्षीदार असते. तीन अँपिअरहून जास्त प्रवाह नेणाऱ्या टाइप-सी वायरीच्या टोकात एक सूक्ष्म चकती असते, ती "मला इतके झेपेल" असे सांगते. ती नसेल तर चार्जर हात आखडता घेतो. चांगल्या वायरीवर ६० वॅट किंवा २४० वॅट असे लिहिलेले आढळते ते यासाठी. शिवाय काही कंपन्यांचे जलद चार्जिंग त्यांच्याच चार्जरने आणि त्यांच्याच वायरीने होते. घरातल्या मुलाच्या वायरीने त्याचा मोबाईल अर्ध्या तासात भरतो आणि तुमचा दोन तास घेतो, त्याचे कारण बहुधा हेच. वायर फार लांब आणि आतली तार बारीक असेल तरीही वाटेत व्होल्ट घटतात, आणि चार्जिंग रेंगाळते. पलंगापर्यंत पोचावी म्हणून तीन मीटरची स्वस्त वायर घेणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

अजून एक कोडे नेहमी येते. स्वयंपाकघरातला छोटा दिवा किंवा हातपंखा टाइप-सीचा आहे, पण मोबाईलच्या दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या वायरीने तो चार्ज होत नाही, जुन्या चपट्या टोकाच्या वायरीने मात्र होतो. यात जादू नाही. टाइप-सीचा अडॅप्टर समोर कोणी आहे अशी खूण पटल्याखेरीज वीज सोडीतच नाही. ती खूण म्हणजे उपकरणात बसवावयाचा एक क्षुल्लक रोधक, ज्याची किंमत पैशांत मोजावी. उत्पादकाने तेवढी काटकसर केली की ती वस्तू मुकी राहते. म्हणून एक जुन्या टोकाचा अडॅप्टर आणि वायर घरात असू द्यावी.

वाईट वायर किती वाईट असू शकते? गूगलमधील बेन्सन ल्युंग नावाच्या अभियंत्यांनी २०१५ साली बाजारातल्या टाइप-सी वायरी स्वतः विकत घेऊन तपासावयास सुरुवात केली, आणि जे आढळले ते लोकांपुढे मांडले. २०१६ च्या फेब्रुवारीत त्यांना एक अशी वायर मिळाली की तिच्या आतल्या तारांची जोडणीच उलटी होती. लावल्याबरोबर त्यांचा तपासणीचा लॅपटॉप निकामी झाला. एक जाणता माणूस पदरच्या पैशांनी वायरी घेऊन लोकांसाठी तपासतो, ही मला मोठी लोकसेवा वाटते. आपल्याकडे असे कोणी करील तर बरे.

लहान जोडतुकड्यांविषयी थोडे. जुन्या पिनच्या वायरीला टाइप-सीचे टोक करून देणारा तुकडा चालतो, चार्जिंग सावकाश होते इतकेच. पण टाइप-सीची वायर जुन्या चपट्या खाचेत घालता यावी म्हणून जे तुकडे मिळतात, ते मानकाच्या नियमांत बसत नाहीत. ते टाळावे. एका वायरीला तीन शेपट्या असतात तीही प्रवासापुरती ठीक, तिन्ही एकदम लावल्या की वीज वाटून जाते.

एका तुकड्याची मात्र मी मनापासून शिफारस करते, तो म्हणजे ओटीजी. एरवी मोबाईल हा संगणकापुढे आज्ञाधारक असतो. हा तुकडा लावला की तो स्वतः मालक होतो, आणि त्याला पेन ड्राइव्ह, कळफलक, माऊस जोडता येतो. डबे करून देणाऱ्या आपल्या एका भगिनीचा मोबाईल ओट्यावरून पडला. काचेवर चित्र दिसे, पण बोट लावले तर काही उमटेना. गिऱ्हाइकांची सात महिन्यांची येणी त्यात होती, कागदावर एक अक्षर नव्हते. घरचे म्हणू लागले, गेले ते गेले. आम्ही शेदीडशे रुपयांच्या आतला ओटीजी तुकडा आणला आणि शेजारच्या कचेरीतून एक माऊस मागून घेतला. जोडल्यावर काचेवर बाण आला. त्या बाणाने त्यांनी कुलूप उघडले, आणि हिशेबाची पाने न् पाने पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. त्या वेळी खोलीत ज्या होत्या, त्यांना त्यांचा चेहरा आठवत असेल. सर्वच मोबाईल ओटीजी घेत नाहीत. तेव्हा मोबाईल चांगला असतानाच एकदा लावून पाहून ठेवावा.

आता धोक्याचे दोन शब्द. भिंतीतून येतात २३० व्होल्ट, आणि वायरीतून मोबाईलला जातात ५. मधली भिंत म्हणजे अडॅप्टर. हलक्या प्रतीच्या अडॅप्टरमध्ये ही भिंतच तकलादू असते. हल्ली कित्येक मोबाईलच्या खोक्यांतून अडॅप्टर मिळत नाही. ॲपलने ते २०२० साली बंद केले, इतरांनीही मागोमाग. मग आपण पदपथावरचा साठ रुपयांचा घेतो. घेऊ नका. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि त्याच्यापाशी "आर" अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक घालून खरा-खोटा ताडता येतो. वायरीपेक्षा अडॅप्टरवर चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

आणि घरात रांगते मूल असेल तर बटण चालू ठेवून वायर लोंबकळत सोडू नका. कारवार तालुक्यात २०२३ च्या ऑगस्टमध्ये आठ महिन्यांच्या एका बाळाने असे लोंबते टोक तोंडात घातले आणि ते दगावले, ही बातमी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. मोबाईल काढला की बटण बंद. सुनेला सांगा, लेकीला सांगा, आजोबांनाही सांगा.

प्रवासात परक्या वायरीला मोबाईल लावण्याविषयीही रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या आपल्या पुस्तिकेत सावध केले आहे, कारण त्याच वायरीतून माहितीही ओढता येते. आपला अडॅप्टर आपल्याजवळ असावा. निरुपायाने लावलाच आणि काचेवर परवानगी मागितली गेली, तर "नाही" म्हणावे.

शेवटी मंडळापुरते. कार्यकारिणीने खोलीतल्या कपाटाचा खालचा खण मला दिला आहे. तुमच्या घरच्या खणात ज्या वायरी गुंतून पडल्या असतील त्या घेऊन या. आपण एकेक लावून पाहू, चालणाऱ्यांना कागदाच्या चिठ्ठ्या बांधू, "डेटा", "नुसती चार्जिंग", "जुनी पिन", "सी" अशा, आणि ज्या भगिनीला नड असेल तिने सही करून घेऊन जावे. मेलेल्या वायरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. त्यांत तांबे असते, त्या वेगळ्या गोणीत साठवून ई-कचरा नेणाऱ्यांकडे देऊ. शनिवारी दुपारी चार ते सहा. येताना मोबाईल, वायर आणि अडॅप्टर तिन्ही आणावेत. नुसता मोबाईल आणला तर मला काही सांगता येत नाही.